प्रणयकादंबरीकारांचे अधिवेशन : ह्यूस्टन, १९८० ते २०२४

अमेरिकेतील प्रणयकादंबरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला कादंबऱ्यांइतकेच महत्त्व एका वार्षिक अधिवेशनाला द्यावे लागते. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचे हे अधिवेशन १९८१ पासून जवळजवळ चार दशके देशातल्या निरनिराळ्या शहरांत, तिथल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात भरत आले. घरकाम आणि नोकरी सांभाळून एकटीने लिहिणाऱ्या बाईला आपण एका व्यवसायात आहोत, त्या व्यवसायाला दर आहेत, करार आहेत, रिवाज आहेत आणि आपल्यासारख्या आणखी शेकडोजणी आहेत, ही जाणीव बहुधा इथेच प्रथम होई. प्रणयकादंबरी म्हणजे काय, हे या संस्थेने दोनच अटींत सांगितले होते : प्रेमकथा ही कादंबरीच्या केंद्रस्थानी असली पाहिजे आणि शेवट वाचकाच्या भावनांचे समाधान करणारा, आशादायी असला पाहिजे. मराठी वाचकाच्या मनात साहित्य संमेलन म्हटले की ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, ठराव आणि त्यांवरचे वाद असे चित्र उभे राहते. हे अधिवेशन त्या जातीचे नव्हते. साहित्याच्या प्रयोजनाची चर्चा तिथे कमी होई, आणि हस्तलिखित कोणाकडे पाठवावे, करारातले कोणते कलम धोक्याचे, दुसऱ्या प्रकरणात मंदावलेली कथा कशी हलवावी, यांची अधिक. या व्यावहारिकपणामुळेच समीक्षकांनी त्याची दखल घेतली नाही, आणि या व्यावहारिकपणातच त्याचे खरे मोल होते.

या अधिवेशनाची गरज का निर्माण झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लंडनमध्ये १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी काढलेली ‘मिल्स अँड बून’ ही प्रकाशनसंस्था पुढे प्रेमकथांसाठीच ओळखली जाऊ लागली. पुण्यामुंबईच्या इंग्रजी पुस्तकांच्या वाचनालयांतून तिच्या बारीक अंगाच्या कादंबऱ्या मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या पोहोचल्या. कॅनडातील विनिपेग येथे १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्लेक्विन’ने १९५७ पासून या कादंबऱ्यांची स्वस्त पुनर्मुद्रणे काढली आणि १९७१ मध्ये ती संस्थाच विकत घेतली. अशा कादंबऱ्यांना व्यवसायात ‘कॅटेगरी रोमान्स’ म्हणतात : ठरावीक मालिका, ठरावीक पृष्ठसंख्या, प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, दरमहा नवा संच, आणि महिना उलटला की जुना संच फडताळावरून खाली. अमेरिकेत त्यांचा खप प्रचंड होता, परंतु त्या लिहिणाऱ्या बहुतेकजणी ब्रिटिश होत्या. जॅनेट डेली या हार्लेक्विनने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अमेरिकन लेखिका मानल्या जातात, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना मिळालेले यश बराच काळ अपवादच राहिले. हार्लेक्विनने आपल्याला नाकारले, कारण अमेरिकन लेखिका त्यांच्याकडे आधीच एक होती, असे नोरा रॉबर्ट्स यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. दुसरीकडे १९७२ मध्ये ‘एव्हन’ या प्रकाशनसंस्थेने कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही जाडजूड ऐतिहासिक कादंबरी कोणाच्याही शिफारशीविना आलेल्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्यातून उचलून थेट कागदी बांधणीत काढली, आणि तिला लाभलेल्या वाचकांमुळे अमेरिकेत घरोघरी टंकलेखन यंत्रे खडखडू लागली.

१९८० हे वर्ष या घडामोडींचे वळण ठरले. हार्लेक्विनची पुस्तके अमेरिकेत वितरित करणाऱ्या ‘सायमन अँड शूस्टर’च्या हातून ते काम गेले, तेव्हा त्या संस्थेने ‘सिल्हूट’ ही स्वतःची प्रणयमालिका सुरू केली आणि तिच्यासाठी अमेरिकन लेखिका हव्या होत्या. नोरा रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी १९८१ मध्ये तिथेच आली. ‘डेल’ या प्रकाशनसंस्थेत ‘कँडललाइट’ मालिकेची सूत्रे व्हिव्हियन स्टीफन्स या संपादिकेकडे होती. मूळच्या ह्यूस्टनच्या, कृष्णवर्णीय स्टीफन्स यांनी ज्या कादंबऱ्या निवडल्या त्यांतल्या नायिका वयाने मोठ्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या देहाविषयी अपराधभाव न बाळगणाऱ्या होत्या. १९८० च्या अखेरीस निघालेली ‘कँडललाइट एक्स्टसी’ ही मालिका त्यातूनच घडली. त्याच वर्षी त्यांनी एल्सी वॉशिंग्टन यांची, रोझलिंड वेल्स या टोपणनावाने लिहिलेली ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय लेखिकेने कृष्णवर्णीय नायक-नायिकांविषयी लिहिलेली ही मालिकेतली पहिली ज्ञात प्रणयकादंबरी मानली जाते.

मागणी वाढली तरी लिहिणारीची स्थिती बदलली नव्हती. न्यूयॉर्कपासून हजार मैलांवरच्या गावात बसलेल्या बाईला संपादकाचे नाव ठाऊक नसे, लिटररी एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करून ठरावीक हिस्सा घेणारा मध्यस्थ कसा गाठावा हे कळत नसे, आणि समोर आलेला करार चांगला की वाईट हे विचारायला कोणी नसे. लेखिकेचे टोपणनाव करारानेच प्रकाशकाच्या मालकीचे राहण्याची प्रथा तर विशेष जाचक होती, कारण वाचक ज्या नावाने पुस्तक मागतो ते नावच सोडून जावे लागणार असेल, तर दुसऱ्या प्रकाशकाकडे जाणे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करणे होते. सर्वसाधारण लेखकसंघटनांत प्रेमकथा लिहिणारीला मान नव्हता, आणि पुस्तक प्रसिद्ध न झालेलीला प्रवेशच नव्हता. ब्रिटनमध्ये १९६० साली डेनिस रॉबिन्स यांच्या अध्यक्षतेखाली ‘रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन’ स्थापन झाली होती, बार्बरा कार्टलँड तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होत्या, आणि नवोदितांची हस्तलिखिते अनुभवी लेखिकांनी वाचून अभिप्राय देण्याची योजना तिने १९६२ पासून चालवली होती. अमेरिकेत तसे काहीच नव्हते.

व्हिव्हियन स्टीफन्स यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये ह्यूस्टन येथे ३७ सभासदांनिशी ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ची नोंद झाली; रीटा क्ले एस्ट्राडा तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि त्यांच्या मातोश्री रीटा गॅलघर याही संस्थापकांत होत्या. संपादिकेने लेखिकांची संघटना उभी करायला हात द्यावा, ही गोष्ट त्या व्यवसायात अनोखी होती, कारण संघटित लेखिका उद्या जास्त मोबदला मागणार हे कोणत्याही संपादकाला कळण्यासारखे होते. पहिले अधिवेशन जून १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेकडील ‘द वुडलँड्स’ या वसाहतीत भरले आणि सुमारे ८०० जण आले. ३७ सभासदांच्या संस्थेच्या हाकेला वर्षाच्या आत इतकी माणसे यावीत, यातून मधल्या काळातली कोंडी किती दाट होती ते दिसते.

अधिवेशनाचा साचा पहिल्या काही वर्षांत ठरला आणि नंतर फारसा बदलला नाही. दिवसभर हॉटेलच्या निरनिराळ्या दालनांत कार्यशाळा चालत; संवाद कसे लिहावेत, रीजन्सी काळातल्या म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधल्या सरदारांना कोणत्या किताबाने संबोधावे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात लेखनाचा खर्च कसा दाखवावा, असे विषय शेजारशेजारच्या खोल्यांत एकाच वेळी हाताळले जात. प्रकाशक स्वतंत्र सत्रे घेऊन आपल्या कोणत्या मालिकेला कसली हस्तलिखिते हवीत ते सांगत. दुपारच्या भोजनाला हजारांहून अधिक माणसे गोल मेजांभोवती बसत आणि एखादी यशस्वी लेखिका आपल्या नकारपत्रांची हकीकत सांगे. गळ्यातल्या ओळखपत्राखाली रंगीत फिती चिकटवलेल्या असत, त्यांवरून कोण प्रथमच आली आहे, कोणाचे पहिले पुस्तक नुकतेच विकले गेले आहे, कोण अंतिम फेरीत आहे हे लांबून कळे. बाहेरच्याला हा प्रकार बालिश वाटे. परंतु ज्या बाईच्या लेखनाची घरात थट्टा होत होती, तिच्यासाठी छातीवरची ती फीत म्हणजे सार्वजनिक मान्यता होती, आणि अनोळखी बायका ती वाचून थांबत व अभिनंदन करत.

कादंबरीकाराच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचा प्रसंग म्हणजे ‘पिच’. पिच म्हणजे आधी वेळ ठरवून घेतलेली, दहा मिनिटांच्या आसपासची भेट, जिच्यात लेखिकेने संपादक किंवा एजंटसमोर बसून आपली कादंबरी थोडक्यात मांडायची असते. दालनाबाहेर खुर्च्यांवर वाट पाहणाऱ्या बायका हातातल्या कार्डावरची चार वाक्ये पुटपुटत असत, घंटा किंवा इशारा होताच एक तुकडी आत जाई आणि दुसरी बाहेर येई. दोन-तीन वर्षे खपून लिहिलेले चारशे पानांचे हस्तलिखित दहा मिनिटांत सांगायचे, तेही जिच्या होकारावर सारे अवलंबून आहे अशा परक्या व्यक्तीला, ही गोष्ट लेखनाहून वेगळे कौशल्य मागते, आणि चांगल्या लेखिका या परीक्षेत अडखळत तर सफाईने बोलणाऱ्या पुढे जात, असा आक्षेप घेता येतो. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. संपादकाने ‘पहिली तीन प्रकरणे पाठवा’ एवढे म्हटले की ते पाकीट कोणाच्याही शिफारशीविना आलेल्या गठ्ठ्यात न जाता थेट मेजावर पोहोचत असे. आयडाहोतल्या शिक्षिकेला किंवा ओहायोतल्या परिचारिकेला न्यूयॉर्कमध्ये एकही ओळख नसताना हा मार्ग मोकळा होत होता. पुढे कधीतरी संपादकाचा दूरध्वनी येई आणि पहिले पुस्तक विकले जाई. त्या दूरध्वनीला या व्यवसायात नुसते ‘द कॉल’ म्हणतात, आणि तो आला तेव्हा आपण काय करत होतो हे प्रत्येकीला तारीखवार आठवते.

पिचच्या दालनाइतकेच महत्त्व हॉटेलच्या मद्यगृहाला आणि लॉबीला होते. करारातल्या रकमांविषयी छापील माहिती कुठेच मिळत नसल्याने रात्री उशिरा दोन लेखिकांनी एकमेकींना आपापला आकडा सांगणे, हीच एक प्रकारची संघटित कृती होती. लेखनसमीक्षेचे गट, म्हणजे एकमेकींची प्रकरणे वाचून दुरुस्त्या सुचवणाऱ्या चार-पाचजणींचे जथे, इथे जुळत आणि वर्षानुवर्षे टिकत. संस्थेच्या शहरोशहरीच्या शाखा दरमहा भरत, परंतु शाखेतल्या ओळखीला देशभरच्या जाळ्यात गुंफण्याचे काम अधिवेशनच करी. ज्ञान मोकळेपणाने वाटण्याची ही रीत इतर साहित्यप्रकारांच्या वर्तुळांत इतक्या प्रमाणात आढळत नाही. नामवंत लेखिका आपल्याच संभाव्य प्रतिस्पर्ध्यांना कथानक बांधण्याच्या युक्त्या शिकवत होत्या, आणि त्याबद्दल बहुधा काही घेत नव्हत्या.

पारितोषिकांची परंपरा १९८२ मध्ये ‘गोल्डन मेडॅलियन’ने सुरू झाली, १९९० पासून पहिल्या अध्यक्षांच्या नावावरून तिला ‘रीटा’ म्हणू लागले. तिच्या जोडीला ‘गोल्डन हार्ट’ हे पारितोषिक होते, जे केवळ अप्रकाशित हस्तलिखितांना मिळे. प्रकाशित आणि अप्रकाशित अशा दोघींना एकाच रात्री एकाच मंचावर बोलावणारी व्यवस्था हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते, आणि २०१९ मध्ये ‘गोल्डन हार्ट’ बंद झाले तेव्हा अनेकींना मूळ हेतूच सुटल्यासारखे वाटले. याच अधिवेशनाला जोडून १९९० पासून साक्षरतेसाठी स्वाक्षरी-विक्रीचा कार्यक्रम होई; शेकडो लेखिका एका सभागृहात नावाच्या वर्णानुक्रमाने बसत, सर्वसामान्य वाचकांना तिथे प्रवेश असे, आणि पुस्तकांच्या विक्रीतून साक्षरतेचे काम करणाऱ्या संस्थांसाठी पुढच्या अडीच दशकांत नऊ लाख डॉलरांहून अधिक निधी उभा राहिला. एरवी वाचकांना या अधिवेशनात स्थान नव्हते. त्यांच्यासाठी कॅथरिन फॉक यांनी १९८१ मध्ये काढलेल्या ‘रोमँटिक टाइम्स’ या नियतकालिकाचे वेगळे मेळावे भरत. वेशभूषा, नाच आणि आवडत्या लेखिकेच्या भेटी यांनी ते गजबजलेले असत, आणि त्यांची हकीकत हा वेगळा विषय आहे.

आतापर्यंत सांगितलेली कथा खरी आहे, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. व्हिव्हियन स्टीफन्स डेल सोडून हार्लेक्विनच्या अमेरिकन मालिकेच्या संपादिका झाल्या, काही वर्षांतच ती नोकरी संपली, आणि ज्या संस्थेला त्यांनी जन्म दिला तिच्या पुढच्या वाटचालीत त्यांचे नाव मागे पडत गेले. त्यांनी निवडलेल्या सँड्रा किट या हार्लेक्विनसाठी लिहिणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ठरल्या, परंतु त्या वाटेने मागून येणाऱ्या फार थोड्या होत्या. १९९४ मध्ये कृष्णवर्णीय प्रेमकथांसाठी ‘अराबेस्क’ ही स्वतंत्र मालिका निघाली आणि त्याच वर्षी बेव्हर्ली जेन्किन्स यांची पहिली ऐतिहासिक प्रणयकादंबरी आली. तरी पुस्तकांच्या दुकानांत या कादंबऱ्या प्रणयकथांच्या फडताळावर न लागता ‘आफ्रिकन-अमेरिकन’ अशा पाटीखाली वेगळ्या ठेवल्या जात, आणि फडताळ बदलले की वाचकही बदलतो. ‘रीटा’ पारितोषिकाच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या लेखिकाच मुख्यतः परीक्षक असत. ही रचना लोकशाहीची वाटते, पण परीक्षकाला ज्या नायिकेशी जवळीक वाटत नाही तिला कमी गुण पडण्याची सोयही तिच्यातच होती. संस्थेने २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केले की आजवरच्या अंतिम फेरीतल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखिकांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता, आणि विजेती तर तोवर एकही नव्हती. जेन्किन्स यांना २०१७ मध्ये जीवनगौरव मिळाला होता. स्पर्धेतले पारितोषिक मात्र कृष्णवर्णीय लेखिकांपैकी कोणालाही मिळाले नव्हते.

ग्रंथकारांच्या सभेत कोण बसते आणि कोणाची सुखदुःखे तिथे गणली जात नाहीत, हा प्रश्न मराठीला परका नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच कारणासाठी तिथे यायला लेखी नकार दिला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांनी बहुतांशी आतून झगडण्याचा मार्ग धरला. २०१८ च्या डेन्व्हर अधिवेशनात जीवनगौरव स्वीकारताना सुझॅन ब्रॉकमन या गौरवर्णीय लेखिकेनेही भर सभेत हा विषय काढला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क येथे केनेडी रायन आणि एम. मलोन या ‘रीटा’ मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ठरल्या, आणि किशोरवयीन वाचकांच्या विभागात भारतीय वंशाच्या निशा शर्मा यांना पारितोषिक मिळाले. भारतीय पात्रांच्या प्रेमकथांना अमेरिकन बाजारात जागा करून देणाऱ्यांत सोनाली देव यांचेही नाव घ्यावे लागते. बालपण मुंबईत गेलेल्या या लेखिकेच्या २०१५ च्या ‘द बॉलिवूड ब्राइड’ची नायिका रिया पारकर ही मराठी आडनावाची अभिनेत्री आहे, आणि तिची कथा शिकागोतल्या कुटुंबात घडते. १९७० च्या दशकात अमेरिकन लेखिका एक आहे तेवढी पुरे असे मानणाऱ्या बाजाराने इथवर मजल मारली, यात अधिवेशनाचा वाटा निश्चित आहे, मात्र तो जितका लवकर दिसायला हवा होता तितका दिसला नाही.

न्यूयॉर्कचा आनंद पाच महिनेही टिकला नाही. चिनी वंशाच्या कोर्टनी मिलन या संस्थेच्या माजी संचालक. त्यांनी १९९९ च्या एका कादंबरीतील चिनी स्त्रियांचे चित्रण वंशद्वेषी असल्याची जाहीर टीका केली, त्यावरून त्यांच्याविरुद्ध संस्थेकडे तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संचालक मंडळाने त्यांना वर्षभरासाठी निलंबित करून पदाधिकारी होण्यास कायमची बंदी घातली. सभासदांचा क्षोभ इतका उसळला की निर्णय लगोलग मागे घ्यावा लागला, परंतु तोवर संचालकांचे राजीनामे सुरू झाले होते. २०२० ची ‘रीटा’ स्पर्धा रद्द झाली. हार्लेक्विन, एव्हन, केन्सिंग्टन यांसारख्या प्रकाशकांनी त्या वर्षीच्या अधिवेशनाचे प्रायोजकत्व काढून घेतले, आणि ज्या दालनात संपादक येणार नाहीत तिथे पिच करायला लेखिका कशाला येतील, हा प्रश्न उघड झाला. त्यात महासाथ आली आणि सॅन फ्रान्सिस्कोला ठरलेले अधिवेशन प्रत्यक्ष भरलेच नाही. पारितोषिकाला ‘द व्हिव्हियन’ असे नाव देऊन संस्थेने चाळीस वर्षांनंतर आपल्या संस्थापिकेचे ऋण मान्य केले, पण २०२१ च्या पहिल्याच फेरीत, वूंडेड नी येथील लाकोटा लोकांच्या १८९० च्या हत्याकांडात सहभागी झालेल्या सैनिकाला नायक करणाऱ्या कादंबरीला एका विभागात पारितोषिक दिले गेले आणि निषेधानंतर ते परत घेण्यात आले. स्टीफन्स यांचे नाव ज्या हेतूने जोडले होते त्या हेतूलाच यामुळे धक्का बसला, आणि या संस्थेवर जीव असलेल्यांना ही घटना विशेष लागली.

शेवटचा आघात आला तो हॉटेलांच्या बाजूने. मोठ्या अधिवेशनासाठी हॉटेलांशी करार अनेक वर्षे आधी करावे लागतात, आणि त्यांत संस्थेने ठरावीक खोल्या भरण्याची हमी दिलेली असते. सभासद कमी आले तर रिकाम्या खोल्यांची भरपाई संस्थेने करायची. दोन हजारांच्या आसपास माणसे येतील या हिशेबाने केलेले हे करार, एकेकाळी दहा हजारांच्या घरात असलेली सभासदसंख्या दोन हजारांवर आल्यावर पेलणे शक्य नव्हते. मे २०२४ मध्ये संस्थेने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, तो ह्यूस्टनच्याच संघीय न्यायालयात. थकलेल्या देण्यांपैकी सुमारे ३० लाख डॉलर हे हॉटेलांचे होते. तोपर्यंत अनेक शाखांनी मूळ संस्थेपासून फारकत घेऊन स्वतंत्र मंडळे म्हणून नोंदणी केली होती. त्यांच्या मासिक सभा ग्रंथालयांच्या खोल्यांत आणि संगणकाच्या पडद्यावर भरत राहिल्या, आणि तिथे नव्याने आलेल्या बाईला अजूनही आधी विचारले जाते ते हेच, की ती सध्या काय लिहीत आहे.